ऋण की अपराध? प्रभूच्या प्रार्थनेतील एका ओळीचा अर्थ

डोंबिवली पूर्वेला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक ख्रिस्ती कुटुंब राहते. घर मूळचे नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. सून वसईची, कॅथलिक. दोन वर्षांपूर्वी त्या घरातल्या आजी गेल्या. दफनानंतर तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली होती. मजल्यावरचे सगळेच गेले होते, तसा मीही गेलो.

शेवटी सगळ्यांनी उभे राहून येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना म्हटली. ख्रिस्ती मंडळी तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. नगरकडचे आणि वसईकडचे नातेवाईक एका सुरात म्हणत होते. मध्येच एका ओळीवर सूर फुटला. नगरकडच्यांच्या तोंडी 'ऋण' हा शब्द आला, वसईकडच्यांच्या तोंडी 'अपराध'. दोन्हीकडची ओळ वेगळ्या लांबीची, त्यामुळे क्षणभर गोंधळ झाला. एक बाजू थांबली, दुसरी पुढे गेली, आणि पुढच्या ओळीवर पुन्हा सगळे एकत्र आले.

चहा झाल्यावर शेजारी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "काका, तुमची सगळी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. आमच्या त्या ओळीतलं ऋण म्हणजे खरोखरचं कर्ज, की नुसतं पाप?"

प्रश्न व्याकरणाचा नव्हता. दाराशी, चपलांच्या जवळच्या खुर्चीत, त्यांचा आतेभाऊ बसला होता. त्याने टेम्पोसाठी एका पतपेढीतून कर्ज काढले होते आणि शेजारी जामीन राहिले होते. धंदा बसला, हप्ते थकले, आणि पतपेढीने जामीनदाराला धरले. शेजाऱ्यांनी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून ते खाते बंद केले. त्यानंतर तो भाऊ या घरी आला नव्हता. मामी गेल्या म्हणून आला, तो दारापर्यंतच.

मी ख्रिस्ती नाही. पण ज्या विषयात माझी छत्तीस वर्षे गेली, त्याच विषयावरचा हा प्रश्न होता. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि ताडून पाहिले, ते इथे मांडतो.

दोन शुभवर्तमाने, दोन शब्द

ही प्रार्थना बायबलच्या नव्या करारात दोनदा येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात. आशय असा : आम्ही आमचे देणे असलेल्यांना सोडले, तसे हे देवा, तू आम्हांला सोड. मत्तयाने इथे 'ओफेइलेमाता' हा ग्रीक शब्द वापरला आहे. त्याचा साधा, बाजारातला अर्थ 'देणी', म्हणजे जे देय आहे आणि अजून दिलेले नाही ते. लूक मात्र पहिल्या भागात 'हामार्तिया' हा शब्द वापरतो; त्याचा अर्थ पाप, चूक. गंमत अशी, की दुसऱ्या भागात, माणसांनी माणसांना सोडण्याची गोष्ट येते तेव्हा, लूकही 'देणेकरी' हाच शब्द ठेवतो. देवाकडे आमचे पाप. आमच्याकडे दुसऱ्याचे देणे.

एकाच प्रार्थनेत ही दोन रूपे कशी आली? येशूची बोलभाषा ग्रीक नव्हती, अरामी होती. अरामी भाषेत 'होबा' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत : कर्ज आणि पाप. त्या भाषेत पाप करणारा माणूस देवाचा कर्जदार होतो आणि क्षमा म्हणजे त्याचे देणे रद्द होणे. ग्रीकमध्ये असा दुहेरी शब्द नव्हता. मत्तयाने शब्दाची एक बाजू उचलली, लूकने पहिल्या भागात दुसरी. मत्तयाने प्रार्थना संपल्यावर लगेच पुढच्या दोन ओव्यांत 'अपराधांची क्षमा' असे तिचे स्पष्टीकरणही दिले आहे. म्हणजे नगरकडचे आणि वसईकडचे, दोघेही बरोबर होते.

लॅटिनमध्ये ही ओळ गेली ती 'देबिता', म्हणजे देणी, या शब्दाने. आपल्या ठाण्याशी तिचा संबंध फार जुना आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, हे युरोपातल्या तत्कालीन लेखनात नोंदलेले आहे. पोर्तुगीज वसईला येण्याच्या दोन शतके आधीची ही गोष्ट. त्या साधूंच्या रोजच्या लॅटिन प्रार्थनेत 'देबिता' असणार. पुढे वसई-ठाण्याच्या चर्चमध्येही मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली. त्या वसईच्या सुनेच्या आजीने मिस्सात 'देणी' ऐकली, नातीने 'अपराध' ऐकले, आणि दोघींनाही आपण तीच प्रार्थना करतो आहोत असेच वाटले.

इंग्रजीतही हा घोळ आहे. टिंडेलने १५२६ च्या आपल्या भाषांतरात 'आगळीक' या अर्थाचा शब्द घेतला, १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात तोच रूढ झाला. उलट १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मत्तयाची ओळ पुन्हा 'कर्जां'वर आली. स्कॉटलंडकडची मंडळी आजही 'कर्ज' म्हणतात, इंग्लंडकडची 'आगळीक'. तिकडेही एकत्र प्रार्थनेत सूर फुटतो.

मराठीने निवडलेला शब्द

मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान छापून आले ते १८०५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून. १८११ मध्ये तिथेच नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ चा. पुढे बाबा पदमनजी यांच्यासारख्या मराठी लेखकांचे हात त्या भाषेवरून फिरले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झालेल्या मराठी प्रार्थनेत 'कर्ज' नाही, 'अपराध' नाही, 'ऋण' आहे. हा शब्द फार नेमका पडला आहे, कारण अरामीतल्या 'होबा'सारखाच तोही दुपदरी आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील वरुणसूक्तात ऋषी वरुणाकडे आपली ऋणे दूर करण्याची याचना करतो, तेव्हा ती सावकाराची आहेत की पापाची, हे वेगळे काढणे कठीण जाते. तैत्तिरीय संहितेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांचे चौथे ऋण घातले आणि ते आदरातिथ्याने फेडायचे असे सांगितले.

रोजच्या मराठीतही 'कर्ज' आणि 'ऋण' आपण अदलाबदलीने वापरत नाही. कर्ज बँकेचे असते, ऋण आईचे असते. कर्ज बुडवता येते, ऋण बुडवता येत नाही. दुसरीकडे, सरकार शेतकऱ्याचे देणे रद्द करते तेव्हा आपण 'कर्जमाफी' म्हणतो. माफी खरे तर गुन्ह्याची असते. २००८, २०१७, २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्यांच्या बातम्या आपण वाचल्या. हा शब्द कर्जदाराला नकळत गुन्हेगार ठरवतो, हे कोणाच्या कानाला खटकले नाही. पापाला कर्ज म्हणणारी अरामी आणि कर्जाला माफी देणारी मराठी एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या आहेत.

गालीलमधले कर्ज

तरीही शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. ऋण म्हणजे पाप हे कळले. पण खरे, पैशांचे कर्ज त्यात येते की नाही?

ही प्रार्थना ज्यांच्यासमोर पहिल्यांदा म्हटली गेली ते गालीलचे कोळी, शेतकरी, रोजंदार होते. त्याच प्रार्थनेत आधीची मागणी आहे रोजच्या भाकरीची. भाकरीनंतर लगेच कर्ज यावे, हे रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. येशूच्या दाखल्यांत सावकार, देणेकरी, कारभारी, कर्जापायी तुरुंग, बायकामुलांची विक्री, हे सगळे वारंवार येते. ऐकणाऱ्यांच्या गावात ते घडत होते.

ज्यू धर्मशास्त्रात कर्जाबद्दल बारीक नियम आहेत. निर्गमाच्या पुस्तकात गरिबाकडून व्याज घेऊ नये आणि त्याचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्ताआधी परत करावे, असे सांगितले आहे. रात्री तो पांघरणार काय? अनुवादाच्या पुस्तकात जाते गहाण घेण्यास मनाई आहे, कारण जाते नेणे म्हणजे घरातले दळण नेणे. त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे, तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. गहाण वस्तू घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, आणि त्याने स्वतः ती बाहेर आणून द्यावी.

मी घरात शिरलेलो आहे. कल्याणला एका चाळीत, हातात जप्तीचा कागद घेऊन. शिलाई मशीन, टीव्ही, कपाट अशी यादी करत होतो आणि त्या घरातली मुलगी दप्तर पोटाशी धरून उभी होती. तेही आम्ही लिहून घेऊ असे तिला वाटले असावे. कागद कायदेशीर होता. वसुली न्याय्य होती. पण उंबरठ्याबाहेर उभे राहा असे सांगणारा नियम कोणी कशासाठी केला असेल, हे मला त्या मुलीमुळे लगेच कळले. कर्जदाराकडे वस्तू नसेल, पैसा नसेल, तरी घर त्याचे असते.

अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात याहून मोठा नियम आहे. दर सातव्या वर्षी कर्जे सोडून द्यावीत. त्यात एक व्यवहारी अडचण होती आणि त्या पुस्तकालाही ती माहीत होती : सातवे वर्ष जवळ आले की कोणी उसने देईना. येशूच्या थोड्या आधीच्या पिढीतल्या हिल्लेल या धर्मगुरूने त्यावर 'प्रोझबुल' नावाची तोड काढली. सावकाराने आपले येणे न्यायसभेकडे सोपवायचे. न्यायसभेला सातव्या वर्षाचा नियम लागू नाही. गरिबाला पुन्हा उसने मिळू लागले, पण कर्ज मात्र सुटायचे बंद झाले. कर्जमाफी दिली तर पतपुरवठा आटतो आणि नाही दिली तर माणूस बुडतो, ही आजच्या बँकांच्या बैठकीतली चर्चा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

इ.स. ६६ मध्ये जेरुसलेममध्ये बंड झाले, तेव्हा बंडखोरांनी दप्तरखाना पेटवला, असे जोसेफस या इतिहासकाराने लिहिले आहे. कर्जाची खते जळावीत आणि कर्जदार आपल्या बाजूला यावेत हा त्यामागचा हेतू. मराठी वाचकाला इथे सुपे आठवेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ओढून काढून जाळली, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. दोन्हीकडे राग मुख्यतः कागदावर निघाला. माणसाला धरून ठेवणारी वस्तू कोणती, हे कर्जदाराला नेमके माहीत असते.

टिटवाळा आणि लग्नगडी

कर्ज माणसाला धरून ठेवते म्हणजे काय, याचे उदाहरण शोधायला गालीलला जावे लागत नाही. टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. आपण तिथे गणपतीला जातो. जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची परिषद भरली होती, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडून काही वारली तिथे आले होते. त्यांनी जे सांगितले त्यातून गोदावरी परुळेकर त्या भागात गेल्या आणि मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्यांनी ती हकीकत लिहिली आहे.

तिथला शब्द होता 'लग्नगडी'. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. हिशेब जमीनदाराच्या वहीत, वाचता येणारा तोच. मजुरीतून मुद्दल कमी होत नसे, आणि बाप गेला की मुलगा राबायला येई. परिषदेच्या मागण्यांत वेठ आणि लग्नगडी बंद करणे ही मुख्य मागणी होती. स्वातंत्र्यानंतरही हे पूर्ण संपले नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाने अशी सगळी बिगारीची कर्जे फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आणली. संसदेने एका कलमाने ऋण सोडले. हप्ते पाडून दिले नाहीत, व्याज कमी केले नाही. कर्ज उरलेच नाही असे म्हटले.

कारण तिथे रकमेचा प्रश्न नव्हता. ज्या घटकेला देण्यापायी माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो, त्या घटकेला ते कर्ज राहत नाही, बंधन होते. त्या ओळीतल्या क्रियापदाकडे आता पाहू.

'सोडणे'

मत्तयाच्या ओळीतले ग्रीक क्रियापद आहे 'अफिएमी'. इंग्रजीत त्याचे 'क्षमा करणे' झाले, पण मूळ अर्थ सोडणे, जाऊ देणे असा आहे. येशूने बोलावल्यावर कोळ्यांनी जाळी टाकून त्याची वाट धरली, तिथे मत्तयाने हेच क्रियापद वापरले आहे. त्याच धातूवरून आलेला 'आफेसिस' हा शब्द सातव्या वर्षीच्या कर्जमुक्तीसाठी जुन्या ग्रीक भाषांतरात येतो, आणि बंदिवानांच्या सुटकेसाठी लूकमध्ये येतो. मराठी प्रार्थनेत क्रियापद आहे 'सोड'. जाळे सोडणे, दावे सोडणे, कैदी सोडणे, हक्क सोडणे, ऋण सोडणे. सगळ्याला एकच शब्द. गहाण वस्तूही आपण 'सोडवून' आणतो. इथेही मराठी मूळच्या फार जवळ गेली आहे.

आणखी एक बारकावा. जुन्या, विश्वासार्ह हस्तलिखितांत मत्तयाच्या ओळीतला माणसांचा भाग भूतकाळात आहे : आम्ही सोडले आहे. पुष्कळ नंतरच्या हस्तलिखितांत तो वर्तमानात आहे : आम्ही सोडतो. भूतकाळ घेतला तर ओळ अवघड होते. देवाकडे मागायला जाण्याआधी आपल्या दाराशी बसलेल्या देणेकऱ्याचे काय केले, हे सांगून मगच मागायचे.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात याचा हिशेब मांडलेला आहे. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एकूण झाले सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. राजाने ते सगळे सोडले. तोच चाकर बाहेर आला आणि शंभर दिनार, म्हणजे चार महिन्यांची मजुरी, देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगात टाकले. हा प्रसंग आकड्यांनी बोलतो. शंभर दिनार ही लहान रक्कम नाही. चार महिन्यांचा पगार कोणाला लहान वाटतो? दाखला त्या देण्याला खोटे म्हणत नाही. फक्त ते सहा लाख पटींच्या देण्याशेजारी ठेवतो.

आपल्याकडे खते सोडून देणाऱ्या सावकाराची गोष्ट घराघरात माहीत आहे. तुकाराम महाराजांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या दुष्काळाने घर खचले, लोक खचले. महिपतींनी सांगितलेल्या कथेनुसार तुकोबांनी घरातल्या खतांची वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा हिस्सा त्याच्या हवाली केला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. या गोष्टीत बुडवण्याइतकीच ती वाटणी महत्त्वाची आहे. सोडायचे ते आपले. भावाचे येणे सोडण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही.

जामीन

वसुली खात्यात असताना अनेक कर्जदार मला देवाधर्माचे दाखले देत. त्यांना मी हेच सांगत असे, शब्द वेगळे असतील. पतपेढीचा पैसा पतपेढीचा नसतो. तो ठेवीदारांचा असतो, आणि त्यांत पेन्शनवर जगणाऱ्या बायका असतात. व्यवस्थापकाने तो 'सोडला' तर तो दुसऱ्याचे दान करतो. बायबलही इथे ढिले नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, तेराव्या अध्यायात, ज्याचे जे देणे असेल ते द्या, कर असेल तर कर द्या, असे सांगितले आहे. त्याच्या पुढच्याच ओवीत तो म्हणतो की कोणाचे काही देणे ठेवू नका, एकमेकांवरच्या प्रेमाचे तेवढे राहू द्या. काही जण या ओवीवरून कर्ज काढणेच पाप ठरवतात. गृहकर्जाशिवाय डोंबिवलीत कोणाचे घर झाले? संदर्भ पाहिला तर ओवी कर्ज काढण्याविरुद्ध नाही, थकवण्याविरुद्ध आहे. आणि तिचा उत्तरार्ध मराठी माणसाला परका नाही. ज्याचे उपकार फिटणार नाहीत त्याला आपण म्हणतो, तुमच्या ऋणातच राहू द्या. फेडायचे ते फेडून झाल्यावर जे मुद्दाम शिल्लक ठेवायचे, ते ऋण.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रांचे पुस्तक कडक आहे : दुसऱ्यासाठी हात देऊ नकोस, नाहीतर अंगाखालचे अंथरूण जाईल. माझ्या टेबलासमोर रडलेल्या जामीनदारांनी हे आधी वाचायला हवे होते. १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम जामीनदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी टाकते. सही करताना ते कोणी वाचत नाही. पण त्याच नव्या करारात पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र आहे. ओनेसिम हा दास मालकापासून दुरावला होता. पौल मालकाला लिहितो की त्याने तुझे काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. हे माझ्या हाताने लिहीत आहे. स्वहस्ताक्षरात दिलेला हा जामीन आहे. एकीकडे सावध करणारे शहाणपण, दुसरीकडे माणूस परत घरात घेतला जावा म्हणून घेतलेला धोका. शेजाऱ्यांनी सही केली तेव्हा ते या दोहोंच्या मध्ये उभे होते.

मी त्यांना कायदा सांगितला. करार कायद्याच्या १४० आणि १४५ या कलमांनुसार, कर्ज फेडणाऱ्या जामीनदाराला सावकाराचे सगळे हक्क मिळतात आणि भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागता येते. पतपेढीचे येणे ठेवीदारांचे होते. ते सोडणे कोणाच्याच हातात नव्हते आणि ते फिटलेही होते. आता उरलेले येणे फक्त त्यांचे. म्हणून सोडण्याचा अधिकारही त्यांचाच.

मग त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ओळीतले ऋण म्हणजे पाप, आणि खरोखरचे कर्जही. ज्याने पहिल्यांदा ती ओळ म्हटली त्याच्या भाषेत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. मराठीतही पूर्ण वेगळ्या नाहीत. रक्कम परत घेणे चूक नाही. पण तिच्या जोरावर माणसाला दाराशी बसवून ठेवले असेल तर ते दावे सोडावे लागते. रक्कम न सोडता दावे सुटते की नाही, हे मला कलमांतून सांगता येणार नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो परवापासून दारात बसलाय, काका. मी त्याला आत ये म्हटलं नाही."

पुढे काय व्यवहार ठरला ते मी विचारले नाही. वसुलीतून निवृत्त झालो आहे. त्या नाताळात त्यांच्याकडून नेहमीप्रमाणे फराळाचे ताट आले. करंज्या आतेभावाच्या बायकोने केल्या होत्या, असे वहिनींनी सांगितले. ताट घेऊन तोच आला होता. आमच्या दारात चपला काढून आत आला, पाणी प्याला, आणि थोडा वेळ बसला.